जबडा पुढे आणला, सांध्याचं काय?

जबडा सरकवण्याच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी पुढचे दात पुन्हा उघडे पडू लागले, की पहिला संशय प्लेटवर जातो. प्लेट हलली असेल, एखादा स्क्रू निघाला असेल. असं होतं, पण ते सुरुवातीच्या आठवड्यांत होतं आणि बहुधा दुखून-सुजून होतं. टायटॅनियमच्या प्लेटचं काम हाड जुळेपर्यंतचं. सहा ते आठ आठवड्यांत कापलेल्या जागी हाड पुरेसं धरतं आणि पुढे प्लेट नुसती बसून असते. त्यानंतरही जबडा सरकत असेल तर बघायची जागा कानापुढे आहे: जबड्याचा सांधा, टीएमजे.

म्हणून तक्रार आली की ‘किती सरकला’ हे मोजण्याआधी ‘केव्हापासून’ हे विचारावं. ऑपरेशनच्या टेबलावरून उतरताच बिघडलेली बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण), महिन्याभरात बिघडलेली, वर्षभराने बिघडलेली आणि पाच वर्षांनी बिघडलेली, हे चार वेगळे आजार आहेत. बाहेरून चारही सारखेच दिसतात. पुढचे दात भेटत नाहीत, हनुवटी मागे गेल्यासारखी वाटते. कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर नुकसान होतं.

आधी सांध्याची थोडी ओळख. खालच्या जबड्याचं प्रत्येक बाजूचं वरचं टोक, म्हणजे कॉन्डाइल, कवटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत बसतं. मध्ये डिस्क नावाची चिवट चकती असते. डिस्कच्या मधल्या पातळ भागात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या मागचा मऊ भाग मात्र रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला असतो. डिस्क पुढे घसरली की कॉन्डाइल त्या मऊ भागावर टेकतो, म्हणून दुखतं. कॉन्डाइलवरचं अस्तर गुडघ्यात असतं तशा गुळगुळीत कूर्चेचं नसून तंतुमय कूर्चेचं असतं. त्यामुळे मोठेपणीही भार बदलला तर हा पृष्ठभाग आपला आकार थोडाफार बदलून घेऊ शकतो. ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येक सांध्यात असा थोडा बदल होतो. कुठे कॉन्डाइल जरा सपाट होतो, कुठे त्याचा कोन काही अंशांनी फिरतो. त्याला आजार म्हणायचं कारण नाही. प्रश्न येतो तो हा बदल थांबत नाही तेव्हा.

टेबलावर काय चुकतं

खालच्या जबड्याचं सर्वाधिक केलं जाणारं ऑपरेशन म्हणजे बीएसएसओ (दोन्ही बाजूंना जबडा उभा दुभंगून सरकवणं). ट्रॉनर आणि ओब्वेगेसर यांनी ते १९५७ मध्ये मांडलं, डाल पाँट यांनी १९६१ मध्ये त्याचा काप पुढे दाढांपर्यंत आणला, हन्सक आणि एपकर यांनी नंतर आणखी सुधारणा केल्या. जबड्याचा उभा भाग, म्हणजे रॅमस, जाडीतून दुभंगला जातो आणि तीन तुकडे होतात: मधे दातांचा तुकडा, दोन्ही बाजूंना सांध्याचे तुकडे.

दातांचा तुकडा कुठे न्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. कॉम्प्युटरवर आखून छापलेला स्प्लिंट (वरच्या-खालच्या दातांमधला साचा) दातांत बसवला की तो मिलिमीटरच्या अंशापर्यंत जागेवर येतो. सांध्याच्या तुकड्याला असा साचा नसतो. रुग्ण भुलीखाली आडवा, स्नायू सैल, कॉन्डाइल डोळ्यांना दिसत नाही. सर्जन तो हाताच्या अंदाजाने बसवतो. आता रुग्णासाठी खास छापलेल्या प्लेट वापरून हा तुकडाही मूळ जागी धरता येतो. सोय चांगली आहे, पण आधीच्या स्कॅनमध्येच कॉन्डाइल खोबणीतून खाली उतरलेला असेल तर ती चूकही तितक्याच अचूकपणे छापली जाते. हनुवटी लहान असलेले अनेक जण नकळत जबडा पुढे धरून बसतात. स्कॅनच्या वेळी हे ओळखलं नाही तर पुढचं सगळं आखणीकाम चुकीच्या जागेपासून सुरू होतं. जागेपणी, स्नायू सैल करून, जबडा हलक्या हाताने मागे-वर नेऊन घेतलेली मेणाची बाइट आणि त्याच बाइटमध्ये काढलेला स्कॅन याला पर्याय नाही.

कॉन्डाइल बसवताना दाब वर आणि किंचित पुढे द्यायचा, तोही बेताने. मागे रेटला तर तो त्या मऊ, नसांच्या भागावर दाबला जातो. मग दुखणं आलं आणि पुढे झीजही. दाब कमी पडला तर तो खोबणीत खाली लोंबकळतो. या लोंबण्याचे प्रकार रेनेके आणि फेरेटी यांनी २००२ मध्ये नीट लावून दिले, आणि ते आजही उपयोगी आहेत. पहिल्या प्रकारात कॉन्डाइल खोबणीच्या मधोमध खाली असतो, कुठेच टेकत नाही. वरचे-खालचे दात तारेने बांधलेले असेपर्यंत सगळं सुरेख दिसतं; तार सोडली की कॉन्डाइल वर जातो, जबडा मागे जातो आणि पुढून ओपन बाइट, म्हणजे पुढच्या दातांत फट, पडते. दुसऱ्या प्रकारात कॉन्डाइल जागेवर असतो, पण प्लेट लावताना सांध्याचा तुकडा वाकवला गेलेला असतो. तार सोडताच तो तुकडा स्प्रिंगप्रमाणे मूळ आकारात येतो आणि कॉन्डाइल बाजूला सरकतो. हे दोन्ही प्रकार टेबलावरच पकडता येतात. तिसरा फसवा. कॉन्डाइल खाली असतो, पण खोबणीच्या भिंतीला कुठेतरी टेकलेला असतो. त्या आधारामुळे टेबलावर बाइट अगदी बरोबर येते. काही महिन्यांनी टेकलेली जागा झिजते आणि जबडा हळूहळू मागे जातो.

म्हणून प्लेट लागल्यावर तार सोडून तपासणी करणं ही औपचारिकता समजू नये. हनुवटीवर बोटाचा हलका आधार देऊन जबडा तीन-चार वेळा उघडायचा-मिटायचा आणि दात आपोआप स्प्लिंटमध्ये पडतात का ते पाहायचं. ढकलून बसवायचे नाहीत. पुढून फट दिसली तर दोन्ही बाजूंना कॉन्डाइल खाली होता. दातांची मध्यरेषा एका बाजूला सरकली तर त्या बाजूचा खाली होता. उपाय एकच: त्याच वेळी स्क्रू काढून पुन्हा बसवणं. ‘नंतर रबरांनी ओढून घेऊ’ हे वाक्य टेबलावर ऐकू आलं तर समजावं की पुढचं वर्ष अवघड जाणार.

स्क्रूबद्दलही थोडं. श्पीसल यांनी १९७४ च्या सुमारास लॅग स्क्रूने दोन्ही तुकडे घट्ट आवळायची पद्धत आणली. हाड लवकर धरतं हे खरं, पण दोन तुकड्यांमध्ये फट असताना ती आवळून बंद केली की कॉन्डाइल आपल्या अक्षाभोवती पिळला जातो. त्यामुळे आज बरेच सर्जन न आवळणारे तीन आरपार स्क्रू किंवा चार भोकांची एक मिनीप्लेट वापरतात. प्लेट थोडी लवचिक असते आणि फटीवरून वाकवून बसवता येते. सांध्याच्या दृष्टीने मला ती जास्त माफ करणारी वाटते. वाकडा चेहरा सरळ करताना ही फट हमखास पडते. हनुवटी उजवीकडे नेली की दातांच्या तुकड्याची मागची टोकं डावीकडे फिरतात. डावं टोक तिथल्या सांध्याच्या तुकड्याला आतून बाहेर रेटतं, उजवीकडे मोकळी जागा राहते. जिथे रेटतं तिथे शेवटच्या दाढेमागचं हाड घासून कमी करायचं. जिथे जागा राहते तिथे ती राहू द्यायची.

वरचा जबडा आडवा कापून सरकवण्याच्या ल फोर्ट १ ऑपरेशनमुळेही खालच्या सांध्याची फसगत होते, हे कमी सांगितलं जातं. वरचा जबडा वर न्यायचा असतो तेव्हा मागच्या बाजूला, शेवटच्या दाढांच्या वर आणि टाळूच्या हाडाच्या उभ्या भिंतीपाशी, हाड पुरेसं काढलेलं नसेल तर ते आधी टेकतं. सर्जन दोन्ही जबडे बांधून वर ढकलतो तेव्हा ती टेकलेली जागा टेकू बनते आणि कॉन्डाइल खोबणीतून खाली खेचले जातात. पुढून सगळं जुळलेलं दिसतं. तार सोडली की कॉन्डाइल परत वर, आणि ओपन बाइट. इथे खालच्या जबड्याला हात लागलेलाही नसतो.

आणि एक उलटी गोष्ट. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत सांध्यात पाणी किंवा रक्त साचून कॉन्डाइल खाली ढकलला जातो. तेव्हा त्या बाजूच्या दाढा भेटत नाहीत आणि हनुवटी विरुद्ध बाजूला झुकते. हे आठवडा-दोन आठवड्यांत सूज ओसरेल तसं बसतं. घाईने पुन्हा टेबलावर न्यायची गरज नसते. पुढून फट म्हणजे चिंता, मागून फट म्हणजे आधी थोडी वाट, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

महिन्याभरातली ओढाताण

पहिल्या सहा आठवड्यांत हाड अजून कच्चं असतं आणि स्नायू आपली जुनी लांबी विसरलेले नसतात. खालचा जबडा पुढे आणला की हनुवटीखालचे स्नायू आणि त्यांवरचं मऊ आवरण ताणलं जातं. ते मागे ओढत राहतं. जितकं पुढे, तितकी ओढ जास्त. साधारण ६ ते ७ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आणलेला जबडा मागे जाण्याचा धोका ठळकपणे वाढतो.

जबडा मागे नेताना खेळ उलटा. दातांचा तुकडा मागे सरकवताना सांध्याचा तुकडाही त्याच्याबरोबर मागे ढकलला जातो, त्याचा कोपरा मागे वळतो. चावण्याचे मोठे स्नायू तिथेच चिकटलेले. ते काही आठवड्यांत त्याला मूळ कलावर परत आणतात आणि हनुवटी पुन्हा पुढे येते. मागे नेलेल्या जबड्याच्या अस्थिरतेचा मोठा भाग हाच आहे. टाळायचं असेल तर प्लेट लावण्याआधी सांध्याच्या तुकड्याचा पुढचा काठ मूळ कलावर धरून ठेवावा लागतो आणि जास्तीचं हाड कापावं लागतं. रॅमस आरपार उभा कापून तुकडे एकमेकांवर सरकवण्याची दुसरी पद्धत, आयव्हीआरओ, इथे वेगळी वागते. तिच्यात कॉन्डाइलला मुद्दाम मोकळं सोडतात. तो थोडा पुढे-खाली येतो आणि डिस्कशी त्याचं नातं पुष्कळदा सुधारतं. सांधा आधीपासून कटकट करणाऱ्या, जबडा मागे न्यायच्या रुग्णात ही पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. किंमत अशी, की प्लेट नसल्याने दात काही आठवडे बांधून ठेवावे लागतात. जबडा पुढे आणायला ती चालत नाही.

कोणती हालचाल किती टिकते याची उतरंड नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या प्रॉफिट, टर्व्ही आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली आणि २००७ मध्ये सुधारली. त्यांच्या हिशेबात २ मिलिमीटरपर्यंतचा बदल नगण्य, २ ते ४ पर्यंतचा बहुधा ब्रेसेसने सावरता येण्याजोगा, ४ च्या पुढचा गंभीर. सगळ्यात टिकाऊ म्हणजे वरचा जबडा वर नेणं. त्याच्या जवळ, चेहरा लांबट नसेल तर, खालचा पुढे आणणं. तळाशी वरचा जबडा खाली आणणं, खालचा एकटाच मागे नेणं आणि वरचा जबडा तुकडे करून रुंद करणं. खाली आणलेला वरचा जबडा चावण्याच्या जोराने परत वर दाबला जातो, म्हणून तिथे हाडाचा तुकडा भरावा लागतो. रुंद केलेल्या जबड्यात टाळूचं ताणलेलं अस्तर आत ओढतं, म्हणून टाळूवरचा आधार लवकर काढायचा नसतो. या उतरंडीत सांधे निरोगी आहेत असं गृहीत आहे, ही बारीक अक्षरातली अट वाचायला लोक विसरतात.

सहा महिने ते दोन वर्षं: कॉन्डाइलची झीज

खरी काळजी इथे आहे. ऑपरेशन उत्तम झालं, सहा महिने सगळं छान होतं आणि मग दातांमधली फट हळूहळू वाढायला लागली, तर कॉन्डाइलची झीज हा पहिला संशय. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं. क्रम साधारण असा: आधी पुढच्या दातांनी पोळी किंवा कोशिंबीर तुटत नाही अशी कुरकूर, मग ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते अंतर) वाढतो, मग फक्त शेवटच्या दाढा टेकू लागतात. मागची उंची कमी झाल्याने जबडा खाली-मागे फिरतो, चेहरा लांबट दिसतो, घशाची जागा कमी होऊन घोरणं वाढू शकतं. एकाच बाजूला झीज असेल तर हनुवटी त्याच बाजूला सरकते.

धोका कुणाला जास्त, हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. बहुतांश रुग्ण तरुण स्त्रिया. हनुवटी मागे, चेहरा उभट, जबड्याची खालची कड तीव्र उताराची, कॉन्डाइल बारीक आणि त्याची मान मागे झुकलेली. त्यात सांध्याचा जुना त्रास, मोठं अंतर पुढे आणणं किंवा जबडा वरच्या दिशेने फिरवणं यांची भर पडली की धोका वाढतो. जबडा मागे नेणाऱ्यांत अशी झीज क्वचित दिसते, कारण तिथे सांध्यावरचा भार वाढत नाही. भार आणि सहनशक्ती अशा दोन बाजूंनी याकडे पाहावं. भार वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे पिळलेला किंवा मागे दाबलेला कॉन्डाइल, ताणलेले स्नायू, झोपेत दात खाणं. सहनशक्ती कमी करणाऱ्या गोष्टी म्हणजे संधिवात, लहानपणचा संधिवात, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, इस्ट्रोजेनची कमी पातळी. गनसन, आर्नेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा झिजेच्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कमी असल्याचं नोंदवलं होतं. पाळी अनियमित आहे का, हा प्रश्न जबड्याच्या दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो. पण विचारायलाच हवा.

म्हणजे ऑपरेशनच्या आधीच चाळणी लावता येते. लांबट चेहरा आणि मागे गेलेली हनुवटी असेल तर वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे फोटो, साचे, जुने एक्स-रे मागवून बघावेत. बाइट आधीपासूनच बदलत असेल तर आज ऑपरेशन करणं म्हणजे चालत्या झिजेवर भार टाकणं. रक्ताच्या तपासण्या: सूज आणि संधिवातासाठी ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनए, शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व. तोंड उघडताना आवाज, अडकणं किंवा दुखणं असेल तर एमआरआय, तोंड मिटून आणि उघडून दोन्ही. त्यात डिस्कची जागा, सांध्यातलं पाणी आणि हाडाच्या आतली सूज कळते. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये, हाडाची बाहेरची रेघ बघायची. ती सलग, पांढरी आणि स्वच्छ असेल तर आकार सपाट असला तरी सांधा शांत आहे. तुटक, कुरतडल्यासारखी असेल तर झीज चालू आहे असं धरावं. ओपीजीवरून (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवरून) कॉन्डाइलच्या आकाराचा निवाडा करू नये. डोक्याचा कल थोडा बदलला तरी तो वेगळा दिसतो.

सांधा अशांत असेल तर पूर्ण दात झाकणारा कडक स्प्लिंट सहा महिने ते वर्षभर वापरून बाइट स्थिर होते का ते पाहतात. स्प्लिंट वापरताना जबडा मागे गेला, म्हणजे आधीची बाइट खोटी होती. हे ऑपरेशनपूर्वी कळलं तर नशीब समजायचं.

घसरलेल्या डिस्कचं काय करायचं यावर सर्जनांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, जबडा सरकवतानाच सांधा उघडून डिस्क छोट्या अँकरने कॉन्डाइलला बांधा. अमेरिकेतले वुलफर्ड या मताचे ठळक पुरस्कर्ते. दुसरा म्हणतो, न दुखणारी घसरलेली डिस्क पुष्कळ लोकांत असते, ती उगाच छेडू नका. दुखणारा, नुकताच घसरलेला आणि एमआरआयवर डिस्कचा आकार शाबूत असलेला सांधा असेल तर पहिल्या मताला वजन आहे. सगळ्यांना सरसकट ते लावणं मला पटत नाही.

‘जबडा सरळ केला की सांध्याचं दुखणं जाईल’ असं आश्वासन मात्र देऊ नये. बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, काहींचं तसंच राहतं, आणि आधी काहीच त्रास नसलेल्या थोड्यांना नव्याने होतो.

झीज सुरू झालीच तर पहिली गोष्ट म्हणजे घाईने पुन्हा जबडा पुढे न आणणं. चालू झिजेवर दुसरं बीएसएसओ केलं तर तेही त्याच वाटेने जातं. आधी भार कमी करायचा. क्लास टू रबरं (खालचा जबडा पुढे ओढणारी) बंद, स्प्लिंट, मऊ आहार, दात खाण्याची सवय असेल तर तिच्यावर इलाज, संधिवात निघाला तर त्याच्या तज्ज्ञाकडे. सूज कमी करणारी औषधं, डॉक्सीसायक्लिन वगैरे दिली जातात. त्यांचा आधार अजून तोकडा आहे. मग वाट पाहायची. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने मोजमापं एक ते दोन वर्षं जागची हलली नाहीत तर झीज थांबली असं धरतात. हाडाच्या स्कॅनची मदत होते, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत तो करून उपयोग नाही. भरून येणारं हाडही तेवढंच उजळतं.

झीज थांबल्यावरचे पर्याय फट किती आहे यावर ठरतात. थोडी असेल तर ब्रेसेसने झाकता येते. मध्यम असेल तर फक्त वरचा जबडा मागून वर नेऊन खालचा आपोआप मिटू द्यायचा. यात सांध्यावर नवा ताण फारसा येत नाही, म्हणून हा मार्ग बरेच जण पसंत करतात. कॉन्डाइल जवळजवळ उरलाच नसेल तर कृत्रिम सांधा. कवटीच्या बाजूला टिकाऊ पॉलिथिलीनचा पृष्ठभाग, जबड्याच्या बाजूला धातूचं डोकं, दोन्ही पुष्कळदा त्या रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून घडवलेले. जबडा बराच पुढे आणून फिरवायचा असेल तरी तो जागेवर राहतो, कारण झिजायला हाडच उरत नाही. पण जबड्याला पुढे ओढणारा स्नायू सुटल्याने बाजूला सरकण्याची हालचाल जवळपास जाते, हे आधी सांगितलेलं बरं.

याच्या उलट टोकाला जास्त वाढणारा कॉन्डाइल असतो. चेहरा एका बाजूला वाढतच असेल तर सरळ करून उपयोग नाही, तो पुन्हा वाकडा होणार. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचून स्पेक्ट स्कॅन करतात; वाढतं हाड ते जास्त शोषतं. दोन बाजूंत १० टक्के किंवा जास्त फरक, म्हणजे ५५ विरुद्ध ४५, असेल तर वाढ चालू आहे असं समजतात आणि कॉन्डाइलचा वरचा थर काढून ती थांबवतात. खालचा जबडा पुढे असलेल्या तरुण मुलांतही हाच विचार: सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन सेफॅलोग्राममध्ये (डोक्याच्या बाजूने काढलेल्या मोजमापाच्या एक्स-रेमध्ये) फरक नाही असं दिसेपर्यंत थांबावं.

घरी आणि तपासणीत

पहिले दोन आठवडे रबरं दातांना नव्या जागेची वाट दाखवण्यापुरती. हलकी, साधारण पाव इंची, दोन्ही बाजूंना सारखी. सतत जोराचं क्लास टू रबर लावल्याशिवाय बाइट जुळत नसेल तर ती जुळलेली नाही. ते रबर जबडा पुढे धरून ठेवतं, कॉन्डाइल खोबणीतून खाली ओढलेला असतो आणि रबर काढल्यावर सगळं उघडं पडतं. म्हणून प्रत्येक तपासणीआधी काही तास रबर काढून यायला सांगणं बरं.

तोंड उघडण्याचा व्यायाम साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सर्जनने सांगितल्यावर सुरू करावा. आरशासमोर, मध्यरेषा सरळ ठेवून; दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा उघड-मीट. दाताच्या काठापासून काठापर्यंत मोजायचं. सहा ते आठ आठवड्यांत ३५ ते ४० मिलिमीटर गाठायचे. आठव्या आठवड्यात आकडा २५ वर अडकला असेल तर लाकडी चपट्या पट्ट्यांची चळत दातांत ठेवून हळूहळू वाढवायची, पण कळ येईपर्यंत नाही. सहा आठवडे मऊ खाणं. स्नायू जुनी ताकद परत मिळवायला त्याहून जास्त वेळ घेतात.

तुलनेसाठीचा पहिला एक्स-रे दातांत स्प्लिंट असताना काढलेला असेल तर जबडा तेवढा उघडा आणि खाली असतो. त्याच्याशी नंतरचे एक्स-रे ताडले तर खोटा फरक दिसतो. म्हणून स्प्लिंट निघाल्यावर एक लॅटरल सेफॅलोग्राम, साधारण सहाव्या आठवड्यात, हा पाया धरावा. पुढे सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. दर वेळी ओव्हरजेट, ओव्हरबाइट (वरचे दात खालच्यांना किती झाकतात), मध्यरेषा, तोंड उघडणं आणि दोन्ही बाजूंना सरकणं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचं. सेफॅलोग्रामवर एसएनबी कोन (खालचा जबडा किती पुढे आहे हे सांगणारा), जबड्याच्या खालच्या कडेचा कोन आणि रॅमसची उंची. दर वेळी सीबीसीटीची गरज नाही; आकडे हलले तरच. तेव्हा दोन्ही स्कॅन कवटीच्या तळावर जुळवून बघावे लागतात, शेजारी-शेजारी ठेवून डोळ्यांनी तुलना पुरत नाही.

तीन-चार वर्षांनंतर थोडी फट पडली आणि रॅमसची उंची तशीच असेल तर दोष सांध्याला देऊ नका. जीभ दातांमध्ये येते का, रिटेनर (दात जागेवर धरणारं साधन) रात्री लावला जातो का, हे आधी पाहा. तिथे ऑर्थोडॉन्टिस्टचं काम आहे, सर्जनचं नाही.

हे सगळं जमायला जुने स्कॅन मूळ स्वरूपात हवेत. छापलेली फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो यांवरून दोन स्कॅन जुळवता येत नाहीत. ऑपरेशनआधीचा, लगेचनंतरचा आणि सहाव्या आठवड्यातला, या तिन्ही वेळच्या फायली डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) स्वरूपात मागून घ्याव्यात, आणि त्यांच्याबरोबर दातांच्या साच्यांच्या किंवा स्कॅनच्या फायलीही. रुग्णाने स्वतःकडे ठेवाव्यात. झीज उघडकीला येते तेव्हा रुग्ण बहुधा दुसऱ्याच डॉक्टरसमोर बसलेला असतो.